युद्धकाळातल्या रणगाड्यांची सचित्र संदर्भपुस्तकं: निवडायची कशी, वाचायची कशी, मॉडेलवर उतरवायची कशी

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्याचं किट (सुटे भाग जोडून बांधायच्या छोट्या मॉडेलचा संच) हाती आलं की नवा मॉडेलर सहसा सगळ्यात जाड, सगळ्यात रंगीत पुस्तक उघडून बसतो, आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. सूचनापत्रात कमांडरचा कुपोला (छतावरचा टेहळणीचा छोटा घुमट) उंच आणि नळकांडी, पुस्तकातल्या आराखड्यात तोच बसका आणि पेरिस्कोपवाला, पुढच्या पानावरच्या फोटोत तर चाकंच निराळी. यातलं काहीही चुकीचं नसेल. तिन्ही ठिकाणी जर्मन टायगर रणगाडाच आहे; एक १९४२ अखेरचा, एक १९४३च्या उत्तरार्धातला आणि एक १९४४चा.

युद्धकाळात रणगाडे बनता बनताच बदलत होते. रबर कमी पडलं, आघाडीवरून तक्रार आली, एखादा भाग बनवायला फार वेळ जातोय असं दिसलं की रचना बदलायची. शिवाय जुने भाग टाकून द्यायची चैन कुणालाच परवडत नव्हती, त्यामुळे साठा संपेपर्यंत नवे-जुने भाग शेजारी शेजारी बसत राहायचे. म्हणून नुसता 'टायगर' अचूक बांधता येत नाही. अमुक महिन्यात अमुक कारखान्यातून निघालेला टायगर बांधता येतो. संदर्भपुस्तकाकडून काढून घ्यायची गोष्ट हीच: एक गाडी, एक तारीख.

हाताशी काय लागेल

- किटचं सूचनापत्र आणि डिकॅलची, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या खुणा-आकड्यांची शीट (बांधणी सुरू करण्याआधी दोन्ही पूर्ण वाचलेली)
- तुमच्या रणगाड्याच्या उपप्रकारावरचं निदान एक तांत्रिक पुस्तक आणि एक फोटोसंग्रह
- शक्य असेल तर तुमच्याच स्केलमधले (मॉडेलच्या प्रमाणातले) आराखडे
- व्हर्नियर कॅलिपर आणि स्टीलची पट्टी
- १० पट मोठं दाखवणारं भिंग
- चिकट खुणपट्ट्या, पेन्सिल, वही
- कॅल्क्युलेटर

रंग, फोटो-एच (रसायनाने कोरलेले पातळ धातूचे भाग), धातूच्या तोफनळ्या, सुटे ट्रॅक (चाकांवरचे साखळीपट्टे) या यादीत मुद्दाम नाहीत. खालच्या पहिल्या चार पायऱ्या होईपर्यंत यातलं काही घेऊ नका. चुकीच्या उपप्रकाराचा फोटो-एच सेट हा या छंदातला सगळ्यात सर्रास होणारा वाया खर्च आहे.

१. आधी गाडी ठरवा, पुस्तक नंतर

वहीच्या पहिल्या पानावर पाच ओळी लिहा: रणगाडा, उपप्रकार, कारखाना, तुकडी, महिना-वर्ष. सगळ्या ओळी आज भरता येणार नाहीत. पहिली, दुसरी आणि पाचवी तरी भरा.

उपप्रकारांची नावं फसवी असतात. जर्मन पँथरचा क्रम डी, ए, जी असा आहे. डी जानेवारी १९४३ पासून, ए त्याच वर्षीच्या उन्हाळ्याअखेरीपासून, जी मार्च १९४४ पासून. ए म्हणजे पहिला असं धरून चाललात तर जुलै १९४३ मधल्या कुर्स्कच्या लढाईत असा पँथर उभा कराल जो तेव्हा बनलेलाच नव्हता. अमेरिकन शर्मनचं तर आणखी वेगळं. एम४, एम४ए१, एम४ए२, एम४ए३, एम४ए४ हे एकामागून एक सुधारत गेलेले नमुने नाहीत. मुख्य फरक इंजिनाचा आणि हलचा (गाडीच्या मुख्य धडाचा) आहे, आणि ते बऱ्याच अंशी एकाच काळात वेगवेगळ्या कारखान्यांत बनत होते. ओतीव हलचा एम४ए१ तर साध्या एम४च्या आधी, फेब्रुवारी १९४२ मध्ये सुरू झाला. एम४ए४ मध्ये क्रायस्लरचं पाच मोटारींची इंजिनं एकत्र जोडलेलं ३० सिलिंडरचं धूड होतं. त्यासाठी हल लांबवावा लागला, त्यामुळे बोगींमधली (चाकांच्या जोड्यांमधली) अंतरं वाढली आणि ट्रॅकच्या कड्या एका बाजूला ७९ ऐवजी ८३ झाल्या. बाजूने काढलेल्या फोटोत बोगींमधली मोकळी जागा पाहिली की एम४ए४ लगेच ओळखू येतो.

सोव्हिएत टी-३४ च्या बाबतीत 'मॉडेल १९४१', 'मॉडेल १९४२' ही लेबलं बरीचशी मागाहून, बाहेरच्या अभ्यासकांनी चिकटवलेली आहेत. खरा फरक कारखान्यांचा. स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्याने रबर संपल्यावर आतून स्प्रिंग दिलेली पोलादी चाकं बसवली. स्वेर्दलोव्स्कच्या उरालमाशने मोठ्या प्रेसवर दाबून घडवलेले, गोलसर कडांचे टरेट (तोफेचे फिरते बुरूज) काढले. त्याच सुमारास निझनी तागिलचा १८३ क्रमांकाचा कारखाना ओतीव षटकोनी टरेट बसवत होता. टी-३४ घेतला असेल तर कारखान्याची ओळ रिकामी ठेवून पुढे जाऊ नका. बाकी सगळं तिच्यावरूनच ठरतं.

पहिल्याच प्रयत्नाला गाडी कोणती घ्यावी? जिचे निदान तीन बाजूंनी काढलेले फोटो छापलेले आहेत ती. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममधला टायगर १३१ यासाठी उत्तम. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला गेल्यावर ब्रिटिशांनी त्याची कसून तपासणी केली, त्या वेळचे फोटो काढून ठेवले, आणि गाडी आजही चालू स्थितीत आहे. आकड्याचा अर्थही लावता येतो: पहिली कंपनी, तिसरी प्लॅटून, पहिली गाडी.

२. पुस्तकाचा प्रकार ओळखा

सगळी सचित्र पुस्तकं एकाच कामाची नसतात. ढोबळ मानाने हे प्रकार आढळतात:

*ओळखीची पातळ पुस्तकं.* पन्नासएक पानं, मधे रंगीत चित्रं, थोडक्यात इतिहास. उपप्रकारांचा क्रम समजून घ्यायला छान. बोल्ट मोजायला निरुपयोगी.

*फोटोसंग्रह.* आघाडीवरचे कृष्णधवल फोटो, खाली ओळी. मॉडेलरसाठी सगळ्यात मोलाचे, पण ओळी डोळे मिटून मानायच्या नाहीत. यावर सहाव्या पायरीत.

*तांत्रिक इतिहास.* उत्पादनाच्या नोंदी, चासी क्रमांक (प्रत्येक गाडीचा कारखान्यातला क्रमांक), कोणता बदल कोणत्या महिन्यात झाला याच्या याद्या. वाचायला रूक्ष, फोटो कमी. तरी एकच पुस्तक घ्यायचं असेल तर यातलं घ्या.

*आराखड्यांची पुस्तकं.* १/३५, १/४८, १/७२ मधली रेखाटनं. पाचव्या पायरीतली तपासणी केल्याशिवाय वापरू नका.

*मूळ पुस्तिका.* चालकदलासाठी आणि कार्यशाळांसाठी सैन्यानेच छापलेल्या. अमेरिकन एम४ए३ ची टीएम ९-७५९ ही तशीच एक. इंजिन, आतली मांडणी, अवजारं कुठे टांगायची, हे यांच्याइतकं खात्रीचं दुसरीकडे मिळत नाही. मात्र पुस्तिका छापली गेली त्या तारखेपर्यंतचीच रचना तीत असते.

*वॉकअराउंड.* म्युझियममध्ये उभ्या असलेल्या गाडीचे जवळून काढलेले रंगीत फोटो. नवख्यांना सर्वात आवडणारा प्रकार, आणि सर्वात जास्त चुकाही यातूनच मॉडेलवर येतात, म्हणून इथे जरा थांबू.

म्युझियममधली गाडी ऐंशी वर्षं जगलेली असते. युद्धानंतर ती दुसऱ्या देशाच्या सैन्यात गेलेली असू शकते, रणगाडाभेदी तोफांच्या सरावासाठी उभी केलेली असू शकते, वीस वर्षं चौकात उभी राहून दर दोन वर्षांनी रंग खाल्लेली असू शकते. पुष्कळ टी-३४-८५ (टी-३४ चा मोठ्या तोफेचा नंतरचा प्रकार) युद्धानंतर पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियात बनलेले आहेत. सोव्हिएत गाड्यांनाही पुढच्या दुरुस्त्यांमध्ये टी-५४/५५ धर्तीची, ठळक आरे असलेली चाकं लागली. बर्लिन १९४५ चा देखावा करताना तुमच्या गाडीखाली अशी चाकं आली की जाणत्याला ती लांबूनच कळतात. शर्मनवर युद्धोत्तर ट्रॅक, नवे दिवे, चुकीच्या जागी वेल्ड केलेले हुक हेही नेहमीचं. दलदलीतून किंवा नदीतून काढलेल्या गाड्यांवर तर फेंडर, खोके, जाळ्या बहुधा नव्याने बनवलेल्या असतात.

त्यामुळे वॉकअराउंडचा उपयोग ठरवून घ्या. ओतीव पोलादाचा पोत, वेल्डची जाडी, बिजागराची रचना, बोल्टच्या डोक्याचा आकार यासाठी तो अतुलनीय आहे. कोणता भाग होता की नव्हता, आणि कोणता रंग होता, यासाठी तो पुरावा धरू नका. युद्धकाळातल्या फोटोत दिसलेला भागच त्यातून जवळून पाहा.

३. घेण्याआधी पुस्तकाची परीक्षा घ्या

पाच-दहा मिनिटं पानं उलटली तरी पुस्तकाची लायकी समजते. बघायचं ते असं.

फोटोखालच्या ओळींत महिना, जागा, तुकडी आहे का? "पूर्व आघाडीवरचा पॅन्झर" एवढंच पानोपानी लिहिलं असेल तर लेखकाने फोटो गोळा केलेत, वाचलेले नाहीत.

टायगर टू या पुढच्या रणगाड्याच्या पहिल्या ५० गाड्यांच्या गोलसर टरेटला पुस्तक 'पोर्शचा टरेट' म्हणतं, आणि ते का म्हणतात हे सांगतं का? हा आणि नंतरचा, दोन्ही टरेट क्रुप कंपनीनेच आखले होते. नाव रूढ आहे म्हणून वापरणं वेगळं आणि खरंच पोर्शने आखला असं सांगणं वेगळं. दुसरं दिसलं तर मजकूर जुन्या पुस्तकांतून उचललेला आहे असं समजा.

१९३९-४० मधले जर्मन रणगाडे सरसकट एकरंगी करडे दाखवलेत का? जुलै १९४० पर्यंत दोन तृतीयांश गडद करडा आणि एक तृतीयांश गडद तपकिरी अशी पद्धत होती. कृष्णधवल फोटोत हे दोन रंग जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून कित्येक वर्षं पुस्तकांत नुसता करडाच छापला गेला. पुस्तक या प्रश्नाचा उल्लेखही करत नसेल तर त्याचं रंगांचं प्रकरण जपून वाचा.

सोव्हिएत रणगाड्यांवरचं पुस्तक असेल तर प्रकाशनवर्ष पाहा. १९९० च्या दशकात तिथले कागद खुले व्हायला लागले. त्याआधीच्या पुस्तकांत कारखान्यांचे तपशील फार विरळ आहेत.

भिंग काढा आणि एखादा फोटो पाहा. छापील फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो. समजा, फोटोत टायगरचा ६.३ मीटरचा हल १२ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे साधारण १/५२ स्केल. खऱ्या गाडीवरचा २० मिलिमीटरचा बोल्ट या कागदावर ०.३८ मिलिमीटर होतो. छपाई इंचाला १५० ओळींची असेल तर दोन ठिपक्यांतलं अंतर ०.१७ मिलिमीटर. अख्खा बोल्ट दोन-सव्वादोन ठिपक्यांत! पानभर फोटो असलेलं पुस्तक आणि एका पानावर सहा फोटो कोंबलेलं पुस्तक यांत फरक पडतो तो इथे.

भाषा येत नाही म्हणून पुस्तक सोडू नका. जपानी, पोलिश, जर्मन, चेक प्रकाशनांतले आराखडे आणि फोटो अव्वल असतात. तारखा आणि चासी क्रमांक कुठल्याही लिपीत ओळखू येतात, आणि ओळींचं भाषांतर फोनवर होतं.

४. किट आणि पुस्तक शेजारी ठेवून तक्ता भरा

वहीत तीन रकाने करा: 'भाग', 'किटमध्ये', 'माझ्या गाडीवर'. तांत्रिक पुस्तकातली बदलांची यादी घेऊन खाली उतरत जा. टायगर वन, म्हणजे पहिल्या टायगरचा नमुना घेऊ:

- नळकांडी कुपोला: जुलै १९४३ च्या सुमारास गेला, पेरिस्कोपवाला ओतीव कुपोला आला
- टरेटच्या बाजूंवरचे धुरगोळ्यांचे नळकांडे: जून १९४३ च्या सुमारास बंद
- मागचे फाइफेल हवा-गाळणे: १९४३च्या उत्तरार्धात बसवणं थांबलं
- झिमेरिटचा लेप (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून): ऑगस्ट-सप्टेंबर १९४३ पासून कारखान्यात
- पोलादी कडांची चाकं: फेब्रुवारी १९४४ पासून

आता बदल तारखेच्या क्रमाने लावा आणि तुमच्या तारखेला रेघ मारा. रेघेच्या वरचे बदल झालेले, खालचे अजून व्हायचे. ट्युनिशियाच्या गाडीवर झिमेरिट नाही. १९४४ मधल्या नॉर्मंडीच्या गाडीवर बहुधा आहे. पोलादी चाकं आणि नळकांडी कुपोला एकत्र नवे कोरे बाहेर पडलेले नाहीत. पण युद्धाच्या शेवटी दोन मोडक्या गाड्यांची एक करून काही टायगर पुन्हा उभे केले गेले, त्यांत असे मेळ दिसतात. फोटो समोर असेल तरच असा अपवाद बांधा.

किटच्या डिकॅल शीटवर विशेष लक्ष ठेवा. एकाच खोक्यात चार-पाच तुकड्यांच्या खुणा देतात, आणि प्लास्टिकचे भाग मात्र त्यांतल्या एक-दोनच गाड्यांना जुळतात. डिकॅल निवडण्याआधी त्या आकड्याच्या गाडीचा फोटो शोधा.

जर्मन पॅन्झर फोरच्या एच आणि जे या उपप्रकारांमधला फरक पाठीमागून पाहा. जे वर टरेट फिरवण्याची वेगळी मोटर काढून टाकली, म्हणून तिचा छोटा सायलेन्सर मागच्या पत्र्यावर डावीकडे दिसत नाही. पुढे १९४४च्या अखेरीस ट्रॅकचा वरचा भाग तोलणारे परतीचे रोलर चारचे तीन झाले. एच च्या किटवर जे च्या खुणा चिकटवलेली मॉडेल्स इतकी आहेत, कारण समोरून दोन्ही जवळपास सारखेच.

५. मापं: गुणाकार-भागाकार टाळू नका

१/३५ साठी खरं माप मिलिमीटरमध्ये घेऊन ३५ ने भागा. बस्स. कॅलिपर ०.१ मिलिमीटरपर्यंत वाचा, ०.५ ची चूक म्हणजे खऱ्या गाडीवर १७.५ मिलिमीटर.

आराखडा पहिल्यांदा तपासताना पक्कं माप घ्या. टायगर वन चा हल ६,३१६ मिलिमीटर, १/३५ मध्ये १८०.५. तुमच्या कागदावर तो १७७ भरला तर छपाईत किंवा झेरॉक्समध्ये दोन टक्के आक्रसला आहे. १०२ टक्क्यांवर पुन्हा काढा. मग आडव्या दिशेने वेगळं तपासा, कारण स्कॅनर आणि प्रिंटर दोन्ही दिशांना सारखंच ताणत नाहीत. टायगरचा लढाईचा ट्रॅक ७२५ मिलिमीटर रुंद, म्हणजे २०.७, रेल्वेने नेतानाचा अरुंद ट्रॅक ५२०, म्हणजे १४.९. पँथरचा ६६०, म्हणजे १८.९.

फोटोवरून माप काढायचं असेल तर चाक ही तुमची मोजपट्टी. व्यास पाठ करून ठेवा:

- टायगर वन ८०० मिमी (१/३५ मध्ये २२.९)
- पँथर ८६० मिमी (२४.६)
- टी-३४ ८३० मिमी (२३.७)
- शर्मन ५०८ मिमी (१४.५)
- पॅन्झर फोर ४७० मिमी (१३.४)

समजा, पॅन्झर फोरच्या बाजूवर सैनिकांनी स्वतः बसवलेलं एक खोकं आहे, कुठल्याही किटमध्ये नाही. फोटोत चाक ६ मिलिमीटर, खोकं ९ मिलिमीटर. ९ भागिले ६ गुणिले ४७० म्हणजे ७०५ मिलिमीटर. १/३५ मध्ये २०.१. दोन अटी पाळा. फोटो शक्य तितका सरळ बाजूने काढलेला हवा, आणि खोकं चाकांच्याच पातळीत हवं. ते कॅमेऱ्याच्या जवळ आलं असेल तर मोठं मोजलं जाईल. चाकाचा व्यास नेहमी उभा मोजा. तिरक्या फोटोत आडवा व्यास आक्रसतो, उभा फारसा नाही.

नळीच्या लांबीत अनेक जण फसतात. ७.५ सेंटिमीटरच्या तोफेचं एल/४३ (नळीची लांबी तिच्या व्यासाच्या, म्हणजे कॅलिबरच्या ४३ पट) आणि एल/४८ यांत पाच कॅलिबरचा फरक, म्हणजे ३७५ मिलिमीटर. मॉडेलवर हे १०.७ मिलिमीटर होतं आणि नजरेत सहज भरतं.

जाडीकडे दुर्लक्ष होतं. पॅन्झर फोरच्या बाजूचे लटकते पत्रे ५ मिलिमीटरचे, टरेटभोवतीचे ८ मिलिमीटरचे; १/३५ मध्ये ०.१४ आणि ०.२३. किटचं प्लास्टिक ०.८ असेल तर तुम्ही २८ मिलिमीटरचं चिलखत टांगलंय. फोटो-एच घ्यायचाच तर आधी इथे घ्या. आणि कड्या-कड्यांचा ट्रॅक जोडताना खरी संख्या माहीत असू द्या: टायगर वन ला एका बाजूला ९६, पॅन्झर फोरला ९९. तुमच्या मॉडेलला चार-पाच कड्या कमी-जास्त लागल्या तर चाकांमधलं अंतर किंवा कडीचं माप चुकलं आहे.

६. फोटो वाचायला शिका

हीच खरी विद्या. पुस्तकं कितीही घ्या, फोटो वाचता आला नाही तर ती नुसती पाहिली जातात.

*उलटी निगेटिव्ह.* निगेटिव्ह पालथी ठेवून छापलेले फोटो चांगल्या पुस्तकांतही सापडतात. टायगर, पँथर, पॅन्झर फोर, शर्मन, टी-३४ या सर्वांत चालक डावीकडे आणि हलमधली मशीनगन उजवीकडे असते. समोरून पाहताना मशीनगन तुमच्या डाव्या हाताला दिसली पाहिजे. उजव्या हाताला दिसली तर फोटो उलटा आहे, आणि त्यावरून काढलेली अवजारांची मांडणीही उलटी. आकडा उलटा दिसेलच असं नाही; १११ दोन्हीकडून जवळपास तसाच.

*फिल्मची जात.* ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. लाल आकडा काळा येतो, पांढरी किनार उठून दिसते, आणि ओळ लिहिणारा "पांढऱ्या किनारीचा काळा आकडा" म्हणून मोकळा होतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तोच आकडा करडा येतो. आकाश अगदी पांढरं आणि माणसांचे ओठ अगदी काळे दिसत असतील तर ऑर्थोचा संशय घ्या.

*धूळ आणि ओल.* खालचा अर्धा हल फिकट दिसतो तो दुसरा रंग नसून बहुधा धूळ असते. ओला रंग एक-दोन छटा गडद दिसतो. रंगाची सीमा ठरवताना अशी जागा शोधा जिथे हात-पाय लागून धूळ पुसली गेली आहे: हॅचची (चढ-उताराच्या झाकणाची) कड, चढायची जागा.

*ओळींचा इतिहास.* जर्मन संघीय अभिलेखागाराने २००८ मध्ये आपल्या संग्रहातले हजारो फोटो विकिमीडिया कॉमन्सवर खुले केले, आणि मूळ युद्धकालीन ओळी चुकीच्या किंवा एकांगी असू शकतात अशी सूचनाही तिथे दिली. त्या ओळी प्रचारासाठी लिहिलेल्या होत्या. पुस्तकात 'बिल्ड १०१आय' असा क्रमांक दिसला तर तो लिहून घ्या. त्याच्या पुढचे आकडे रीळ आणि फ्रेम सांगतात. त्याच रिळातल्या मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये तीच गाडी दुसऱ्या बाजूने मिळण्याची शक्यता चांगली असते. पुस्तकातला एक फोटो असा तीन-चारांवर नेता येतो.

*सेन्सॉर.* तुकडीच्या खुणा निगेटिव्हवर खरवडून किंवा रंगवून लपवल्या जायच्या. एखाद्या चौकोनी जागेचा पोत आजूबाजूपेक्षा अस्वाभाविक सपाट असेल तर "इथे खूण नव्हती" असा निष्कर्ष काढू नका.

फोटो वाचताना प्रत्येक निरीक्षणापुढे तीनपैकी एक अक्षर लिहा: 'दि' म्हणजे स्पष्ट दिसतं, 'अ' म्हणजे अंदाज, 'न' म्हणजे दिसत नाही. 'न' आणि 'नाही' यांची गल्लत सगळ्यात महाग पडते. फांद्यांखाली झाकलेलं खोकं दिसत नाही, पण ते तिथे असू शकतं.

७. रंग: रंगीत पानावर विश्वास सर्वात शेवटी

पुस्तकातलं रंगीत चित्र हे चित्रकाराचं मत असतं. बहुतेक वेळा त्याच्यासमोर तोच कृष्णधवल फोटो होता जो तुमच्यासमोर आहे, आणि न दिसणारी बाजू त्याने कल्पनेने भरलेली असते. शिवाय छपाईची शाई पिवळा-हिरवा हमखास सरकवते. एकच चित्र दोन आवृत्त्यांत दोन छटांचं निघतं.

भरवसा ठेवायचा तो तारखांवर आणि मानक क्रमांकांवर. जर्मन गाड्यांसाठी कणा असा: फेब्रुवारी १९४३ पर्यंत मुख्य रंग गडद करडा, आरएएल ७०२१; त्यानंतर गडद पिवळा, आणि त्यावर मारायला ऑलिव्ह हिरवा ६००३ व लालसर तपकिरी ८०१७. आफ्रिकेसाठी मार्च १९४१ पासून पिवळसर तपकिरी ८००० सोबत करडा-हिरवा ७००८, आणि मार्च १९४२ पासून ८०२० सोबत ७०२७. ब्रिटिश गाड्यांचा पाया एप्रिल १९४४ पासून तपकिरी एससीसी २ वरून ऑलिव्ह एससीसी १५ कडे गेला. सोव्हिएत गाड्या ४बीओ हिरव्या, हिवाळ्यात वरून धुऊन जाणारा पांढरा.

जर्मन हिरवा आणि तपकिरी रंग लष्करी तुकड्यांना घट्ट पेस्टच्या रूपात मिळायचे आणि जागेवरच पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात पातळ करून मारले जायचे. कुणी स्प्रे वापरला, कुणी कुंचला, कुणी झाडू. पेट्रोलमधला थर टिकायचा, पाण्यातला पहिल्याच पावसात ओघळायचा. म्हणून शेजारी उभ्या दोन गाड्यांची छटा जुळत नाही, आणि तुमच्या मॉडेलची छटा बाटलीवरच्या नावाशी तंतोतंत जुळवण्यात फार वेळ घालवू नका. डागांचा आकार, कडा मऊ की कठीण, कुठे थर विरळ झालाय, हे फोटोवरून घ्या. त्यात गाडीची ओळख जास्त असते.

झिमेरिटबद्दल एवढंच: सप्टेंबर १९४४ मध्ये लेप देणं थांबलं, आणि नक्षी कारखान्यागणिक बदलते. पँथरवरची नक्षी पाहून एमएएन, डायमलर-बेन्झ की एमएनएच हे बऱ्याचदा ओळखता येतं, म्हणजे पहिल्या पानावरची रिकामी 'कारखाना' ओळ इथे भरते. ती भरली की चौथ्या पायरीतला तक्ता पुन्हा एकदा वरून खाली तपासा.

८. गाडीची फाइल बनवा आणि वाद मिटवायचा क्रम लिहून ठेवा

पुस्तकं बाकावर उघडी ठेवून बांधणी करू नका. मॉडेलच्या सिमेंटचा (प्लास्टिक जोडायच्या गोंदाचा) एक थेंब दोन पानं कायमची जोडतो. लागणाऱ्या पानांचे फोटो काढून आपल्या वापरापुरते छापा आणि पाच गठ्ठे करा: पुढची बाजू, डावी, उजवी, मागची, वरची. प्रत्येक कागदावर पुस्तक आणि पान लिहा. सहा महिन्यांनी शंका आली की हीच नोंद वाचवते.

दोन पुस्तकं भांडली की निवाडा या क्रमाने करा:

1. त्याच गाडीचा युद्धकालीन फोटो
2. त्याच कारखान्याच्या, त्याच सुमाराच्या दुसऱ्या गाडीचा फोटो
3. मूळ पुस्तिका आणि उत्पादनाच्या नोंदी
4. म्युझियममधली गाडी, बदल वजा करून
5. आराखडा
6. रंगीत चित्र
7. किटचं सूचनापत्र

तीन पुस्तकं एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी ठरत नाही. तिघांनीही एकाच जुन्या आराखड्यावरून घेतलेलं असू शकतं. तीच चूक, त्याच जागी, तिन्हीकडे सापडली तर समजून घ्या की तुमच्या हातात एकच साक्ष आहे.

टरेटचं छत आणि इंजिनाचं झाकण जवळजवळ कुठल्याच आघाडीवरच्या फोटोत नीट दिसत नाही. तिथे दुसऱ्या क्रमांकाचा पुरावा वापरा आणि वहीत 'अ' लिहून पुढे जा. एका बाजूचा एकही फोटो नसेल आणि अंदाजही बांधता येत नसेल तर गाडी देखाव्यात अशी उभी करा की ती बाजू भिंतीकडे किंवा झाडीकडे राहील.

तक्त्यातला प्रत्येक भाग 'दि' किंवा 'अ' झाला, की पुस्तकं बंद करून स्प्रू (किटचे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) कापायला घ्या. फोटो-एच, नळी आणि ट्रॅक यांची यादी आता करायची. ती तुमच्या तिसऱ्या रकान्यात तयारच असेल.